दादा, काका आणि दार-ए-सलामची गाडी

सॅकचा एक पट्टा एका बसच्या एजंटाच्या हातात होता, दुसरा पट्टा दुसऱ्या बसच्या एजंटाच्या, आणि मधोमध अनुजा उभी होती. दोघंही तिला आपापल्या गाडीकडे ओढत होते. लुसाकाच्या त्या बसस्टँडवर भर दुपारी एवढा गलका होता की तिचं इंग्रजी कुणाच्या कानापर्यंत पोचतच नव्हतं. 'प्लीज' म्हणून झालं, 'एक्स्क्यूज मी' म्हणून झालं. शेवटी तिचा तोल सुटला आणि कित्येक महिने घशात पडून असलेला आवाज बाहेर आला.

"सोड की रं मुडद्या, फाटंल ती!"

दोघांनीही पट्टे सोडले. शब्द कळला नसेल, सूर नक्की कळला. अनुजा सॅक छातीशी धरून श्वास घेते आहे, तोच मागून कुणीतरी हसलं.

"तेवढ्या मराठीवर अख्खी आफ्रिका चालत्या, ताई."

ती गर्रकन वळली. उन्हानं रापलेला एक तरुण उभा होता. चौकड्यांचा शर्ट, खांद्याला साधी बॅग, हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. डोळे मात्र असे, की हसू आधी तिथं यायचं आणि मग ओठांवर.

"तुम्ही... मराठी?"

"राधानगरीचा. प्रसेनजीत. तुमी?"

"अनुजा. पेठ वडगाव."

"वाटलंच. मुडद्या म्हटल्यावर कोल्हापूरच्या बाहेरचं कोण असणार." त्यानं पुडी पुढं केली. "घ्या, शेंगा खावा. दार-ए-सलामची गाडी तिकडं हाय, निळी. मीबी त्याच गाडीनं चाललोय."

ती शेंगा घेऊन त्याच्या मागं निघाली आणि निघाल्यावर तिला प्रश्न पडला, की आपण या माणसाच्या मागं का चाललोय?

तसे प्रश्न तिला नेहमीच पडायचे. हॉटेलात इडली मागवून झाली की तिला डोसा हवासा वाटायचा. पुण्याच्या कंपनीनं तिला इथल्या एका बँकेच्या कामासाठी सहा महिने लुसाकाला पाठवलं होतं. काम संपलं, बरोबरचे सगळे विमानानं घरी गेले, आणि हिनं ठरवलं की पाठीवर सॅक टाकायची, रस्त्यानं टांझानिया गाठायचं, समुद्र बघायचा आणि तिथून मुंबईचं विमान धरायचं. घरी सांगितलं, ऑफिसचं काम वाढलंय. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात कुणालाही न विचारता ठरवलेली ही पहिली गोष्ट. ठरवल्यापासून ती एकसारखी विचार करत होती, की ही अवदसा आपल्याला आठवली तरी कशी?

गाडीत त्यांच्या जागा वेगवेगळ्या होत्या. अनुजाच्या शेजारी रंगीत कापड डोक्याला गुंडाळलेली एक धिप्पाड बाई बसली होती. तिनं या दोघांना मधल्या वाटेवर मान वळवून वळवून बोलताना पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत उठून प्रसेनजीतला आपल्या जागेवर ढकललं. वर स्वाहिलीत काहीतरी बोलून अनुजाकडे बघून डोळा मिचकावला.

"काय म्हणाली ती?" अनुजानं विचारलं.

"काय न्हाय," तो म्हणाला, पण त्याचे कान तांबडे झाले.

गाडी सुटली. शहर संपलं आणि दोन्ही बाजूंना नुसतं रान सुरू झालं, मैलच्या मैल. तो टांझानियात मोरोगोरोजवळच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. झांबियातल्या दुसऱ्या कारखान्यात मोठी जागा निघाली म्हणून मुलाखतीला आला होता. जागा मिळाली होती, तीन वर्षांचा करार होता, सही तेवढी बाकी होती.

"मग केली का नाही सही?"

"म्हटलं, जरा इचार करतो. कशाचा इचार करायचा ते अजून सापडलं न्हाय."

अनुजा हसली. म्हणजे आपल्यासारखं आणखीही कुणी असतं.

इतक्यात कंडक्टर तिकिटं बघत आला आणि तिच्यापुढं हात करून म्हणाला, "दादा, तिकीट."

तिनं दचकून इकडंतिकडं पाहिलं. कंडक्टर तिलाच म्हणत होता. मग तो प्रसेनजीतकडे वळला. "काका, तिकीट."

"हा मला दादा का म्हणतोय?"

"स्वाहिलीत बहिणीला दादा म्हणत्यात," प्रसेनजीत गंभीर चेहऱ्यानं म्हणाला. "आणि भावाला काका."

"म्हणजे तुम्ही माझे काका?"

"आणि तुमी माझ्या दादा."

मग दोघांना जे हसू फुटलं ते थांबेना. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत ती म्हणाली, "थांबा, मी पाणी पितो जरा," आणि जीभ चावली.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात तिच्या 'मी येतो, मी जातो'ला खोलीवरच्या मैत्रिणी पोट धरून हसल्या होत्या. मुलगी असून 'येतो' काय म्हणतेस? त्या दिवसापासून ती जपून बोलायची. आज कसं निसटलं? तिनं चोरट्या नजरेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. आपली आई, बहीण जशा बोलतात तशीच ही बोलली, एवढंच. तो बाटलीचं झाकण उघडून तिच्याकडे धरून बसला होता.

त्यानंतर अनुजा बोलतच सुटली. काय काय बोलली ते तिलाच आठवत नव्हतं. तांबडा-पांढरा रस्सा, वडगावचा जनावरांचा बाजार, ऊस तोडायला आलेल्या टोळ्या, शाळेतले मार खाल्लेले दिवस... शब्द कुठून कुठून उठून येत होते. तोही तसाच. मधेच तो म्हणाला, "ते मघाशी मी ताई म्हटलो नव्हं? ते मागं घेतो."

"का?"

"असंच. घेतो म्हटलं की घेतो."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत होता, आणि तो हसत होता.

सीमेवर गाडी रात्रभर थांबली. सकाळी पासपोर्टवर शिक्के पडले, आणि टांझानियाच्या हिरव्या टेकड्या सुरू झाल्या. दुपारी तो बोलता बोलता झोपला. त्याचं डोकं हळूहळू कलत तिच्या खांद्यावर आलं. आता याला हलवावं की नाही? हलवलं तर जागा होईल. नाही हलवलं तर... तर काय? तिचा हात बधिर झाला, मुंग्या आल्या, तरी ती हलली नाही. आणि सबंध वेळ ती मनाशी भांडत होती. कोण हा? काल दुपारपर्यंत तुला ठाऊक तरी होता का? सहा महिने मराठी ऐकली नाहीस म्हणून ही अवस्था. याच्या जागी राधानगरीचा कुणीही असता, आणि 'व्हय' म्हणाला असता, तरी तुला असंच झालं असतं. झालं असतं का?

घाट उतरून गाडी गोरखचिंचेच्या रानात शिरली आणि बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, बॉनेट उघडून बघितलं, आणि रस्त्याकडेला शांतपणे बूट काढून बसला. इंजिनाचा पट्टा तुटला होता, दुसऱ्या गाडीतून नवा येईपर्यंत काही खरं नव्हतं. प्रवासी झाडांखाली पांगले. ती झाडंही अशी, की दहा माणसांच्या कवेत मावणार नाहीत, आणि वर पान एक नाही.

एका बुंध्याला टेकून दोघं बसले. ऊन उतरत होतं. बोलता बोलता अनुजानं विचारलं, "राधानगरीत कुणाच्यातले तुम्ही?"

त्याच्या हातातली गवताची काडी थांबली.

"कांबळे," तो म्हणाला. "बौद्ध आमी. आमच्या आज्ज्यानं दीक्षा घेतलेली. वडील एस.टी.त कंडक्टर, आई मीनाबाई, धाकटी बहीण साक्षी." मग तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "लई उशिरा इचारला तुमी. मला वाटलेलं, कालच इचारशीला."

"मी तसं नव्हतं विचारलं."

"मग कसं?"

घरी आलेल्या माणसाला पाणी द्यायच्या आधी हाच प्रश्न विचारलेला तिनं लहानपणापासून ऐकला होता, आणि तो तसाच तिच्या तोंडात आला होता.

"तसंच विचारलं," ती हळू आवाजात म्हणाली. "सवयीनं. चुकलं माझं."

त्यानं हातातली काडी मोडून टाकली. तिला वाटलं, संपलं. आता हा उठून जाईल. आणि या नुसत्या विचारानं आपण किती हललो, ते बघून ती स्वतःच घाबरली.

"चुकलं असं कुणी म्हणालं नव्हतं आजवर," तो अखेर म्हणाला. "बहुतेक जण इषय बदलत्यात. हवा काय छान हाय, म्हणत्यात."

"मी साळोखे. वडगावात आमचा ऊस असतो."

"म्हंजे आमच्यासारख्या केमिस्टांच्या पोटावर तुमचे उपकार."

ती हसली, पण हसू पूर्ण आलं नाही. तिच्या डोळ्यांपुढं आण्णा आले. तिचे वडील, हंबीरराव साळोखे. माणूस वाईट नव्हता. पण भावकीच्या पंक्तीत मान खाली गेलेली त्यांना कधी चालली नसती. मग तिनं स्वतःलाच दटावलं. कसली भावकी आणि कसली पंक्ती? एका माणसाबरोबर एक रस्ता चाललीस, तेवढ्यात घर मांडून बसलीस?

पट्टा आला, गाडी सुरू झाली. पुढं अभयारण्यातून रस्ता जात होता. प्रसेनजीत एकसारखा सांगत होता, डावीकडं बघा, जिराफ. आता उजवीकडं, हत्ती. त्यानं ते शंभरदा पाहिले असणार. तिनं जिराफ पाहिले, हत्ती पाहिले, आणि जास्त करून ते दाखवणारं त्याचं बोट पाहिलं. आम्लानं पोळलेला एक पांढरा डाग होता त्याच्यावर.

मोरोगोरो जवळ आलं. बाहेर बारीक भुरभुर सुरू झाली होती. तिला पुढं दार-ए-सलामला जायचं होतं, त्याला इथंच उतरायचं होतं. गाडी थांबली. तो उठला, बॅग खांद्याला अडकवली, दोन पावलं गेला आणि परत आला.

"एक बोलू का?"

"बोला की."

"मला काहीतरी वाटाय लागलंय. पण ते तुमच्याबद्दल हाय का आपल्या बोलण्याबद्दल, हे मला कळंना झालंय. आठ म्हैन्यांत कुणी आपलं बोललं न्हाय माझ्याशी."

अनुजाला धक्काच बसला. तिच्या मनातलं वाक्य त्याच्या तोंडून निघालं होतं.

"मला पण," ती म्हणाली. "मला पण हेच कळेना."

कंडक्टरनं हाक मारली. घाईघाईत ठरलं ते एवढंच. जानेवारीत साक्षीच्या लग्नाला तो गावी येणार होता. तेव्हा कोल्हापुरात भेटायचं. तोवर फोन नाही, काही नाही. तिथं सगळेच असं बोलतात. तिथंही असंच वाटलं तर... तर बघू. भेटायचा दिवस आणि ठिकाणही त्यानंच सांगितलं, गंगावेशीतला दूधकट्टा.

तो पावसात उतरला. गाडी हलली तेव्हा ती खिडकीतून हात करायचं विसरली, आणि मग समुद्र बघतानाही तिला तेच आठवत राहिलं.

---

जानेवारीतली संध्याकाळ होती. गंगावेशीत म्हशी ओळीनं उभ्या होत्या, गवळी गिऱ्हाइकाच्या समोरच धार काढत होते, आणि फेसाळ दुधाचे पेले हातोहात फिरत होते. "अर्धा लिटर दे की रं." "मामा, सरका जरा पलीकडं." "कवा आलायसा?" चारी बाजूंनी कोल्हापूर बोलत होतं, आणि अनुजा कान देऊन उभी होती. कुणाच्याही 'व्हय'नं तिला काही होत नव्हतं. म्हणजे आपल्याला काय वाटतंय ते कळायला सोपं जाईल, असं तिला वाटलं.

तो आला. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट. भांग नीट पाडलेला.

"नमस्कार," तो म्हणाला. "आपण कशा आहात? परतीचा प्रवास व्यवस्थित झाला ना?"

तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसायची वाट बघत राहिली. तो हसला नाही.

"ठीक झाला," ती म्हणाली. "साक्षीचं लग्न?"

"उत्तम पार पडलं. आपण दूध घेणार का?"

दोन पेले आले. तो दोन्ही हातांनी पेला धरून ताठ बसला होता, मुलाखतीला बसावं तसा. अनुजा पार गोंधळून गेली. हा कोण? तो शेंगावाला कुठं गेला? दोन महिने रोज ती ज्याच्याशी मनातल्या मनात बोलली, तो हाच का?

"तुम्ही असं का बोलताय?" तिनं शेवटी विचारलं.

"कसं?"

"पुस्तकातल्यासारखं."

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणला. "इथं मी बाहेर असंच बोलतो. शाळेत असल्यापासून. आपलं बोललं की लोक गाव विचारतात, मग आडनाव विचारतात. पुस्तकातलं बोललं की प्रश्न थोडे कमी येतात. तिकडं विचारणारं कुणी नव्हतं, म्हणून मोकळा झालो होतो."

"माझ्याशी पण असंच बोलणार?"

"इथं तुम्ही वडगावच्या साळोख्यांच्या आहात," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. थोडं भय होतं, आणि ते लपवायची खटपट होती.

त्याच्या मिशीला दुधाचा फेस लागला होता. त्याला ठाऊक नव्हतं. अनुजा त्याच्याकडे बघत राहिली. ज्या बोलण्यावर आपण भाळलो असं तिला वाटत होतं, ते बोलणं आज त्याच्याजवळ नव्हतंच. समोर एक अवघडलेला, परक्यासारखं बोलणारा माणूस होता. आणि तरीही तिला उठावंसं वाटत नव्हतं. उलट तो फेस आपल्या हातानं पुसावा असं वाटत होतं, भर चौकात, सगळ्या म्हशींसमोर आणि माणसांसमोर. तिच्या डोक्यातला कित्येक दिवसांचा गुंता तेवढा एक सुटला. बाकीचे सगळे तसेच होते.

"सही केली?" तिनं विचारलं.

"नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. आधी विचारायचं होतं."

"कुणाला?"

तो पेल्यात बघत राहिला. "तुला," तो म्हणाला. आणि 'तू' म्हटल्याचं लक्षात येऊन आणखीच गोरामोरा झाला.

"मी आण्णांना सांगितलंय," अनुजा म्हणाली.

पेला त्याच्या ओठांपाशी थांबला. "काय सांगितलं?"

"सगळं. लुसाकाहून बसनं फिरत गेलो ते. तुझं नाव, आडनाव, राधानगरी, साखर कारखाना. म्हटलं, मला काय वाटतंय ते माझं मलाच अजून कळलेलं न्हाई. पण तुम्हाला दुसऱ्याकडनं कळायला नको."

"मग?"

"जेवता जेवता उठले. दोन दिवस एक शब्द बोलले नाहीत. आई तर चुलीपुढंच बसून आहे. आज मी निघताना आण्णा दारात आडवे आले. मला वाटलं, आता जाऊच देत नाहीत. तर म्हणाले, त्या पोराला इचार, तिकडं उसाला साखरेचा उतारा किती पडतोय."

प्रसेनजीत तिच्याकडे बघतच राहिला. "एवढंच?"

"एवढंच. ह्याचा अर्थ काय, मला कळलेला न्हाई."

"मलाबी न्हाय कळला," तो म्हणाला. त्याचं बोलणं बदललं होतं, आणि त्याला ते समजलं नव्हतं. "उतारा काय... तसा एक आकडा सांगता येत न्हाय. पावसावर असतंय, तोड कवा हुत्या त्याच्यावर असतंय. आणि मेन म्हंजे उसाच्या जाती..."

तो थबकला. अनुजानं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं तिच्याकडे. आधी ती हसली. मग तो. शेजारचा गवळी धार थांबवून बघायला लागला, तरी दोघांना आवरेना.

"हे तू येऊन सांग त्यांना," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "मला न्हाई जमायचं."

"वडगावला?"

"व्हय."

"आणि तुला काय वाटतंय, ते कळलं का?"

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. म्हशीनं शेपूट उडवलं. अनुजानं ओढणीच्या टोकानं त्याच्या मिशीवरचा फेस टिपला. कुणी पाहिलं, कुणी नाही.

"तू आवडतोस मला," ती म्हणाली. "बोलणं न्हाई. तू."

त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यानं लपवले नाहीत.

"उद्या सकाळी येतो," तो म्हणाला. "लई भ्या वाटतंय, पण येतो."

"मला पण वाटतंय," अनुजा म्हणाली. "ये."